कॉर्पोरेट जेटवर अर्धवेळ कंत्राटी पायलट: फोन येण्याआधी आणि फोन आल्यावर

अमेरिकेतल्या कितीतरी कंपन्यांकडे एकच जेट असतं आणि ते उडवायला दोनच पायलट. त्यातला एक सुट्टीवर गेला, आजारी पडला किंवा वार्षिक ट्रेनिंगसाठी सिम्युलेटरवर गेला, की विमान जागेवर. तेवढ्या दिवसांपुरता बाहेरून बोलावतात तो कंत्राटी पायलट. काही जण पूर्णवेळ हेच करतात. हा लेख मात्र ज्यांचं दुसरं काही चालू आहे, म्हणजे नोकरी, इन्स्ट्रक्टरचं काम किंवा पेन्शन, आणि ज्यांना महिन्यातले चार-सहा दिवस जेट उडवायचं आहे, त्यांच्यासाठी आहे. इथले नियम अमेरिकेचे, म्हणजे एफएए या तिथल्या विमान नियामकाचे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या धंद्यात टिकायचं तर आलेली ट्रिप नाकारता आली पाहिजे. रेट, इन्शुरन्स, करन्सी (म्हणजे नियमाला लागणारा ताजा सराव आणि चेक), बँकेतली शिल्लक ही सगळी जुळवाजुळव शेवटी त्यासाठीच करायची असते. ज्याला घराचा हप्ता याच ट्रिपच्या पैशांतून भरायचा आहे, तो जिथे ‘नाही’ म्हणायला हवं तिथे ‘बघू, जमवू’ म्हणतो.

आधी विमान ठरवा

जेटचा कॅप्टन व्हायला त्या विमानाची टाइप रेटिंग, म्हणजे लायसन्सवर त्या मॉडेलची खास नोंद, लागतेच, विमान कितीही लहान असो. कोणती रेटिंग घ्यायची हे मनातल्या आवडीवर ठरवू नका. घरापासून गाडीने दीड-दोन तासांत पोहोचता येईल अशा विमानतळांवर कोणती जेट उभी असतात ते मोजा. एफबीओच्या (खाजगी विमानांना इंधन आणि जागा पुरवणाऱ्या कंपनीच्या) रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, काम करणाऱ्या मुलांना कोणतं विमान किती वेळा उडतं आणि कोणाकडे पायलटची ओढाताण चालली आहे, हे तोंडपाठ असतं.

एका रेटिंगमध्ये बरीच विमानं बसत असतील तर फायदा मोठा. सायटेशन सीजे-१ पासून सीजे-४ पर्यंतची आणि एम-२ ही विमानं सीई-५२५ या एकाच रेटिंगखाली येतात. ही एका पायलटनेही उडवता येतात, पण मालक किंवा इन्शुरन्स कंपनी अनेकदा दुसरा माणूस मागते आणि तिथे तुमची वर्णी लागते. सायटेशन एक्सेल, एक्सएलएस आणि एक्सएलएस प्लस यांचंही तसंच, रेटिंग एकच. मात्र रेटिंग एक म्हणजे कॉकपिट एक असं समजू नका. एक्सेल आणि एक्सएलएसमध्ये हनीवेल प्रायमस १००० ही कॉकपिटची उपकरणप्रणाली आहे, तर एक्सएलएस प्लसमध्ये कॉलिन्स प्रो लाइन २१. कागदावर तुम्ही दोन्हींचे कॅप्टन, पण डिफरन्सेस ट्रेनिंग (दोन मॉडेलांतल्या फरकांचं) झालं नसेल तर दुसऱ्या विमानात पहिला अर्धा तास बटणं शोधण्यात जातो. फोनवर ‘एक्सेल आहे’ एवढंच कळलं तर एफएमएस, म्हणजे मार्ग आखणारी संगणक प्रणाली, कोणती ते लगेच विचारा.

गल्फस्ट्रीम, फाल्कन, ग्लोबल यांचे रेट वरचे. पण ट्रेनिंगही तितकंच महाग, आंतरराष्ट्रीय अनुभव बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेला, आणि ती खाती ओळखीच्या माणसाबाहेर सहसा जात नाहीत. जुन्या हॉकर किंवा लिअरजेटची रेटिंग स्वस्तात पदरात पडते खरी. पण शेवटचं लिअरजेट २०२२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं आणि हॉकरचं उत्पादन त्याच्या जवळजवळ दशकभर आधी बंद झालं. रेटिंग आयुष्यभर राहते, फोन मात्र दरवर्षी कमी होत जातात.

नवख्यासाठी एक दार उघडं असतं. पार्ट ९१ च्या, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या कामासाठीच्या, देशांतर्गत उड्डाणात को-पायलटला टाइप रेटिंग लागत नाही. एफएएच्या नियम ६१.५५ प्रमाणे विमानाची ओळख, तीन टेकऑफ आणि पूर्ण थांबून केलेली तीन लँडिंग, एक इंजिन बंद असतानाचं काम आणि क्रू रिसोर्स मॅनेजमेंट (क्रूने एकमेकांशी जुळवून काम करण्याचं प्रशिक्षण) एवढं मागच्या १२ महिन्यांत झालेलं हवं. एखादा चांगला चीफ पायलट हे स्वतःच करून घेतो. तिथून तास जमवत जायचे आणि कॅप्टनची रेटिंग नंतर घ्यायची. परदेशी जाणारी ट्रिप असेल तर को-पायलटचीही रेटिंग लागते.

कागद कायम तयार

कंत्राटी पायलटला फोन बऱ्याचदा उद्यासाठी येतो. तेव्हा करन्सी जुळवत बसायला वेळ नसतो.

कॅप्टनसाठी मुख्य नियम ६१.५८. मागच्या १२ कॅलेंडर महिन्यांत कोणत्याही जेटवर किंवा दोन पायलट लागणाऱ्या विमानावर प्रोफिशियन्सी चेक, आणि मागच्या २४ महिन्यांत नेमक्या त्या टाइपवर. म्हणजे दोन रेटिंग असतील तर एका वर्षी एकावर, दुसऱ्या वर्षी दुसरीवर असं कायद्याने चालतं. इन्शुरन्स कंपनीला ते बहुधा चालत नाही, तिला प्रत्येक टाइपचं दरवर्षी सिम्युलेटर हवं असतं. त्यामुळे दुसरी रेटिंग घेताना ‘दुप्पट काम मिळेल’ या हिशेबासमोर दुप्पट रिकरंट (दरवर्षीच्या) ट्रेनिंगचा खर्च लिहून बघा. अर्धवेळ माणसाला एकच रेटिंग परवडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण ९० दिवसांच्या नियमाची. प्रवासी न्यायचे तर त्याच टाइपवर ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग, रात्रीसाठी तेवढीच रात्री आणि पूर्ण थांबून. इन्स्ट्रुमेंट करन्सीला (फक्त उपकरणांवर उडण्यासाठी) सहा महिन्यांत सहा अॅप्रोच (उतरण्याची वाटचाल), होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या) आणि कोर्सचं इंटरसेप्ट-ट्रॅकिंग. महिन्याला दोन ट्रिप करणाऱ्याला, त्यातही निम्मे लेग (ट्रिपमधली एकेक उड्डाणं) दुसरा पायलट उडवतो तेव्हा, रात्रीची लँडिंग कधी संपली ते कळत नाही. फोनमध्ये एक साधा तक्ता ठेवा आणि रिकामी पोझिशनिंग फ्लाइट (विमान नुसतं दुसरीकडे नेण्याची) मिळाली की ती मागून घ्या.

मेडिकलचंही भान ठेवा. कमर्शियल प्रिव्हिलेजसाठी, म्हणजे पैसे घेऊन उडायला, सेकंड क्लास पुरतं, त्याची मुदत १२ महिने. एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट, सर्वांत वरचं लायसन्स) म्हणून उडायचं तर फर्स्ट क्लास, आणि चाळिशी ओलांडली की ते सहा महिन्यांचंच. पासपोर्ट, लायसन्सच्या दोन्ही बाजू, मेडिकल, शेवटचं ट्रेनिंग सर्टिफिकेट आणि तासांचा गोषवारा यांची एक पीडीएफ करून ठेवा. ज्याची ही फाइल पाच मिनिटांत येते त्याला ट्रिप मिळते. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. ट्रिप जुळवणारी व्यक्ती त्या संध्याकाळी इन्शुरन्स ब्रोकरला काहीतरी पाठवण्यासाठी तुमचीच वाट बघत असते.

पार्ट ९१ की पार्ट १३५?

मालक स्वतःच्या कामासाठी स्वतःचं विमान वापरतो, ते पार्ट ९१. इथे आज या विमानावर, परवा दुसऱ्या असं फिरता येतं. पार्ट १३५ म्हणजे चार्टर. तिथे प्रत्येक ऑपरेटरच्या मंजूर ट्रेनिंग प्रोग्रॅममधून जावं लागतं, ड्रग टेस्टिंगच्या यादीत नाव लागतं आणि कॅप्टनला दर सहा महिन्यांनी इन्स्ट्रुमेंट चेक द्यावा लागतो. एका ऑपरेटरचं ट्रेनिंग दुसऱ्याकडे जसंच्या तसं चालत नाही. म्हणून चार्टरमध्ये ‘कंत्राटी’ असलात तरी बहुतेक वेळा एकाच घराशी बांधले जाता.

एक गोष्ट भले भले विसरतात. पार्ट १३५ मध्ये २४ तासांत एका पायलटला ८ आणि दोघांच्या क्रूला १० तास उड्डाणाची मर्यादा आहे, आणि त्यात बाहेर केलेली व्यावसायिक उड्डाणंही मोजतात. वर्षाची मर्यादा १,४०० तास, तीही सगळं धरून. म्हणजे काल दुसऱ्या मालकासाठी काय उडवलंत हे ऑपरेटरला सांगणं तुमचं काम. पार्ट ९१ मध्ये ड्युटीला कायद्याची मर्यादाच नाही. ‘सकाळी सहाला निघू, मीटिंग, जेवण, रात्री अकराला परत’ हा बेत तिथे पूर्ण कायदेशीर असतो. म्हणून स्वतःची मर्यादा स्वतः ठरवा, १४ तास म्हणा, आणि ती करारात घाला. रात्री दहा वाजता मालक समोर उभा असताना तोंडी सांगण्यापेक्षा आधीच सही झालेला कागद दाखवणं फार सोपं जातं.

तुम्ही एअरलाइनमध्ये नोकरीला असाल तर आधी तिथली लेखी परवानगी बघा. बाहेरच्या पगारी उड्डाणांवर बऱ्याच ठिकाणी बंदी किंवा बंधनं असतात.

इन्शुरन्स: इथे घाई नको

‘तुम्ही आमच्या पॉलिसीत कव्हर आहात’ हे वाक्य फोनवर ऐकून कॉकपिटमध्ये बसणारे पुष्कळ भेटतील. त्या वाक्याला तसा काही अर्थ नाही.

विमानाच्या पॉलिसीत पायलटविषयी एक कलम असतं. एक तर नावं दिलेली असतात, नाहीतर ‘ओपन पायलट वॉरंटी’ असते: एकूण इतके तास, जेटवर इतके, या टाइपवर इतके आणि मागच्या १२ महिन्यांत सिम्युलेटर ट्रेनिंग. तुमचे टाइपवरचे तास त्या आकड्यापेक्षा दहाने कमी असले आणि तुमचं नाव वेगळं मंजूर झालेलं नसलं, तर अपघातानंतर मालकाचं कव्हरच वादात पडतं. म्हणून कलमाची प्रत मागायची आणि स्वतःच्या तासांशी ताडून बघायची.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. पॉलिसी काढलेली असते मालकाच्या बचावासाठी. इन्शुरन्स कंपनीने मालकाला विमानाचे पैसे दिले, की ते वसूल करायला ती तुमच्यावर दावा लावू शकते. याला सब्रोगेशन म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे ब्रोकरकडून आलेलं सर्टिफिकेट, ज्यात तुमचं नाव मंजूर पायलट म्हणून आणि लायबिलिटीत अतिरिक्त इन्शुअर्ड म्हणून आहे, आणि ‘वेव्हर ऑफ सब्रोगेशन’ तुमच्या नावाने आहे. ब्रोकरला ही रोजची कामं, ईमेलवर होतात. मालकाचा माणूस जर म्हणाला, ‘एवढं कोणी मागत नाही’, तर त्याच्याकडे याआधी येऊन गेलेले पायलट कसे होते ते तुम्हाला कळलं. तुमच्या स्वतःच्या भाड्याच्या विमानासाठीच्या पॉलिसीवर जेटसाठी विसंबू नका.

रेट आणि करार

रेट दिवसाचा असतो, तासाचा नव्हे. चालू दर एनबीएए या बिझनेस विमानवाल्यांच्या संघटनेच्या वेतन पाहणीतून आणि त्याच टाइपच्या दोन-तीन पायलटना सरळ विचारून कळतो. त्याखाली जाऊन काम घेणाऱ्यावर बाकीचे नाराज होतात, आणि मालकालाही तो स्वस्तातला माणूस म्हणूनच लक्षात राहतो.

आपला दिवस खरंच किती पैशांचा पडतो ते एकदा मांडून बघा. समजा दिवसाला १,२०० डॉलर आणि वर्षात ४० दिवस काम: ४८,००० डॉलर. रिकरंट ट्रेनिंग स्वतःच्या खिशातून १४,०००. उरले ३४,०००. त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतंत्र काम करणाऱ्याने भरायचा सामाजिक सुरक्षेचा कर) सुमारे ४,८००. उरले २९,२००, आणि इन्कम टॅक्स अजून बाकीच आहे. ट्रेनिंगचे पाच दिवस धरून ४५ ने भागा: दिवसाला साधारण ६५०. हा आकडा बघितल्यावर ट्रेनिंगच्या खर्चात वाटा मागताना संकोच वाटत नाही. एकाच मालकाकडे बरेच दिवस काम असेल तर तो वाटा मिळतोही.

करार दोन पानांचा पुरे, पण त्यात पुढच्या गोष्टी हव्यात. दिवस म्हणजे कॅलेंडरचा दिवस, अर्धा दिवस नाही. विमानापर्यंत एअरलाइनने जावं लागलं तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे, तिकीट मालकाचं आणि बदलता येणारं. बाहेरगावी नुसतं थांबलात तरी दिवस धरायचा. ट्रिप किती तास आधी रद्द झाली तर किती पैसे. हॉटेल आणि गाडी मालकाच्या कार्डावर. जेवणाचा भत्ता सरकारी जीएसए दराने धरला की वाद होत नाहीत. पैसे किती दिवसांत. आणि एक ओळ अशी, की उड्डाण सुरक्षित किंवा कायदेशीर नाही असं तुम्ही ठरवलंत तरी त्या दिवसाचा रेट मिळेल. ही ओळ शक्यतो सोडू नका.

फोनवर विचारायचे प्रश्न

सगळ्यात मोठा धोका बेकायदा चार्टरचा. प्रवाशाने पैसे मोजले आहेत, पण विमानामागे १३५ चं सर्टिफिकेट नाही. कागदावर याला बहुतेक वेळा ‘ड्राय लीज’ म्हणतात: विमान प्रवाशाने भाड्याने घेतलं, पायलट त्याने स्वतः नेमला. खरा ड्राय लीज पूर्ण कायदेशीर आहे. पण विमान देणाऱ्यानेच पायलटही पुरवला तर ते वेट लीज होतं आणि चार्टरचे नियम लागू होतात.

म्हणून विचारा: प्रवासी कोण, त्यांचं मालकाशी नातं काय? या ट्रिपचे पैसे कोण कोणाला देतंय? मला पैसे कोण देणार? ऑपरेशनल कंट्रोल (उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी) कोणाकडे? लीज असेल तर त्याची प्रत पाठवा. १२,५०० पौंडांपेक्षा जड विमानाच्या लीजला ‘ट्रूथ इन लीजिंग’चं (जबाबदारी कोणाची ते लिहिणारं) कलम लागतं. सही झाल्यावर २४ तासांत प्रत एफएएला पाठवायची, पहिल्या उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवायचं आणि प्रत विमानात ठेवायची. प्रामाणिक माणूस हे सगळं एका ईमेलने पाठवतो. दुसरा म्हणतो, ‘पायलटला या गोष्टींशी काय करायचंय? कोणी विचारलं तर हे आमचे मित्र आहेत एवढंच सांगा.’ हे वाक्य कानावर आलं की फोन ठेवा. एफएए कारवाई करते तेव्हा मालकाला दंड होतो, तुमचं मात्र लायसन्स जातं.

विमानाबद्दलही तिथेच विचारून घ्या: टेल नंबर, एफएमएस, एमईएल (काय बंद असताना उडता येतं त्याची यादी) आहे का, उघडे स्क्वॉक (दुरुस्त न झालेले दोष) कोणते, दुसरा पायलट कोण आणि त्याचं शेवटचं ट्रेनिंग कधी झालं.

पहिला दिवस, अनोळखी विमान

ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी पोहोचा. एअरवर्दीनेस, रजिस्ट्रेशन आणि वजनाचे कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मेंटेनन्सची पुढची तारीख बघा. मग वीज चालू करून एफएमएसच्या पहिल्या पानावर नॅव्हिगेशन डेटाबेसची तारीख. तो २८ दिवसांनी बदलतो आणि महिन्याला दोनदा उडणाऱ्या विमानात बऱ्याचदा शिळा सापडतो. ऑक्सिजन मास्क हातात घेऊन माइक तपासा. आपल्या सवयीच्या विमानात जिथे हात जातो तिथे या विमानात काय आहे, हे बसल्या बसल्या एकदा बघून घ्या.

त्यानंतर दुसऱ्या पायलटशी दहा मिनिटं. ही दहा मिनिटं हवामानाहून महत्त्वाची. चेकलिस्ट कोण वाचणार आणि कशी, टेकऑफ कशासाठी रद्द करायचा, अॅप्रोच किती फुटांवर स्थिर नसेल तर गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर), आणि कोणता लेग कोण उडवणार. मे २०१७ मध्ये न्यू जर्सीतल्या टेटरबरोला एक लिअरजेट ३५-ए रिकामं येताना कोसळलं, दोन्ही पायलट गेले. कंपनीच्या नियमाने को-पायलटला ते विमान उडवायची मुभा नव्हती, तरी बराचसा वेळ तोच उडवत होता, आणि कॅप्टनने ताबा घेतला तेव्हा अॅप्रोच पार बिघडलेला होता.

तुम्ही बहुतेकदा अशा कॉकपिटमध्ये जाता जिथे समोरच्याला त्याच जोडीदाराची वर्षानुवर्षांची सवय आहे. ३१ मे २०१४ ला मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला गल्फस्ट्रीम जी-४ गस्ट लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल्स वाऱ्यात हलू नयेत म्हणून लावायचं कुलूप) न काढताच धावपट्टीवर धावलं आणि सातही जण गेले. दोन्ही पायलट अनुभवी, एकमेकांबरोबर वर्षानुवर्षं उडणारे. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकन संस्थेने रेकॉर्डर तपासला तेव्हा आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा फ्लाइट कंट्रोल्सचा पूर्ण चेक झालेलाच नव्हता. तुमचा जोडीदार ‘हे आम्ही करत नाही’ म्हणाला तर भांडू नका. ‘मी नवीन आहे, मला वाचून केल्याशिवाय जमत नाही’ म्हणा आणि चेकलिस्ट मोठ्याने वाचा. यात कोणाचा मानही दुखावत नाही.

उड्डाणाबाहेरचं कामही तुमचंच. केटरिंग आलं का, बर्फ आणि कॉफी भरली का, टॉयलेट सर्व्हिस झाली का, कोणतं फ्युएल कार्ड चालतं, किती गॅलन घेतले की रॅम्प फी माफ होते. मालकाची गाडी विमानाला लागली की तुमचा एक जण खाली उभा हवा. ज्याला सामान उचलणं कमीपणाचं वाटतं त्याला दुसरा फोन येत नाही. आणि मालकाची बायको, व्यवहार, गप्पा यातलं काहीही विमानाबाहेर जाता कामा नये. त्याच्या मुख्य पायलटची नोकरी मागण्याचा विचारही मनात आणू नका. ही जमात लहान आहे, बातमी तुमच्याआधी पोहोचते.

कर आणि नोंदी

पैसे १०९९-एनईसीवर (स्वतंत्र कंत्राटदाराच्या कर फॉर्मवर) आले तर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के तुमच्या माथी आणि तिमाही हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारीला. प्रत्येक चेकमधला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकला की झोप लागते. मात्र १०९९ मिळाला म्हणून तुम्ही स्वतंत्र ठरत नाही. विमान मालकाचं, वेळ मालकाची, काम कसं करायचं हेही त्याचंच मॅन्युअल सांगतं, तेव्हा आयआरएस हे करखातं तुम्हाला नोकर धरू शकतं. एलएलसी (स्वतःची छोटी कंपनी) काढल्याने हा प्रश्न आपोआप मिटत नाही. काही कंपन्या म्हणूनच दोन दिवसांसाठीसुद्धा पेरोलवर घेतात. रेट सारखा असेल तर ते नाकारण्याचं कारण नाही. एकदा अशा सीपीएकडे, म्हणजे अकाउंटंटकडे, जा ज्याचे इतर ग्राहकही पायलट आहेत.

विमान परत देताना

शेवटचं लँडिंग झाल्यावर घाई असते, पण अर्धा तास काढा. केबिन साफ, कव्हर घातलेली, पिना लावलेल्या. जाणवलेला प्रत्येक दोष लॉगमध्ये लिहा. ‘आल्यावर आमचा माणूस बघेल, लिहू नका’ असं कोणी म्हटलं तरी लिहा, कारण त्या लेगवर सही तुमची आहे. नियमात चूक झाली असेल तर नासाचा एएसआरएस (विमान सुरक्षेसाठी स्वतःहून भरायचा) रिपोर्ट दहा दिवसांच्या आत भरा. नेहमीच्या पायलटला एक छोटा ईमेल: इंधन किती उरलं, काय संपलंय, कोणता दोष उघडा आहे. आणि बिल त्याच रात्री पाठवा, पावत्यांसकट. आठवड्याने पाठवलेल्या बिलाचे पैसे महिन्याने येतात.